छाती उघडण्याआधी: कोकणातल्या प्राणी नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
प्राणी नैतिकता समिती,
कोकणातील वैद्यकीय महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्य आहे. पशुसंवर्धन खात्यातली माझी सगळी नोकरी राजापूर, लांजा आणि संगमेश्वर या तालुक्यांत झाली. गाई-म्हशी, शेळ्या, वाडीतली कुत्री हेच माझे रुग्ण. निवृत्तीनंतर हे पत्र लिहायला कारण घडलं ते असं. एका तरुण सर्जननी मला विचारलं, ‘उंदरामध्ये फुप्फुस प्रत्यारोपणाचं तंत्र इथे बसवायचं आहे, पशुवैद्य म्हणून सोबत याल का?’ माणूस तळमळीचा आहे आणि हात चांगला आहे. मी हो म्हणालो. पण ज्या अटींवर हो म्हणालो त्या एकट्या त्यांनी पाळून भागणार नाही, तुम्ही त्या सगळ्यांना घालायला हव्यात. गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी इथे सरकारी महाविद्यालयं उभी राहिली, डेरवणचं आधीपासून आहेच. पदव्युत्तर विद्यार्थी येतील, प्रबंध येतील, तुमच्या टेबलावर प्राणीप्रयोगांचे अर्ज येतील. पहिला अर्ज मंजूर होण्याआधी हे बोललेलं बरं.

मी या प्रयोगांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझ्या थोरल्या बहिणीला फुप्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार आहे. ताईचं घर देवरुखजवळ आहे. ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास चालू असतं आणि पावसात वीज गेली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष सिलिंडरच्या काट्याकडे जातं. हा आजार तिच्या एकटीचा नाही. कासार्ड्याच्या सिलिका वाळूच्या खाणी, चिरेखाणी, चुलीचा धूर, ओल्या घरांतली बुरशी, यांत आयुष्य घालवलेली किती माणसं दम्याचं औषध घेत घेत संपतात आणि त्यांच्या फुप्फुसाला नेमकं काय झालं होतं हे कोणी तपासतही नाही. शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्या रुग्णाला प्रत्यारोपणाशिवाय दुसरा उपाय उरत नाही. म्हणून हे संशोधन मला हवं आहे.

आणि ते कोकणासाठी का हवं, हेही सांगतो. दात्याच्या शरीरातून काढलेलं फुप्फुस बर्फात ठेवलं तर साधारण सहा ते आठ तासांत ते दुसऱ्या शरीरात सुरू व्हावं लागतं. रत्नागिरी ते मुंबई सुमारे ३४० किलोमीटर, आणि आपला महामार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या इथल्या एखाद्या घराने आपल्या मेंदूमृत माणसाचे अवयव द्यायचं ठरवलं, तर फुप्फुस वाटेतच वेळ संपवून बसेल. टोरोंटोच्या संशोधकांनी २०२१ मध्ये डुकरांवरच्या कामातून दाखवलं की बर्फाऐवजी १० अंश सेल्सिअसला ठेवलेली फुप्फुसं ३६ तासांनंतरही प्रत्यारोपण करता येतील इतकी चांगली राहतात. त्याच्या आधी, स्वीडनमधल्या लुंड इथे स्टीग स्टीन आणि नंतर टोरोंटोत शफ केशवजी, मार्सेलो सिपेल यांनी शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसातून द्रावण खेळवत, त्याला श्वास देत, ते तपासण्याची आणि सुधारण्याची पद्धत बसवली. तीही डुकरांवरच तावूनसुलाखून निघाली. दूरच्या जिल्ह्यातल्या दात्याचं फुप्फुस उपयोगी पडेल ते या कामामुळे. त्या डुकरांचं आपल्यावर ऋण आहे असं मी मानतो.

ऋण आहे म्हणूनच हिशेब हवा. या शस्त्रक्रियेचा इतिहास मी जमेल तसा वाचला, आणि त्यातून एकच गोष्ट मनात पक्की झाली. प्राणी नुसते मेल्याने काही कळलं नाही. का मेले हे ज्यांनी नेटाने शोधलं, त्यांनाच काही कळलं.

सोव्हिएत रशियात व्लादिमीर देमिखोव यांनी १९४०च्या दशकातच कुत्र्यांमध्ये फुप्फुसाचं प्रत्यारोपण करून पाहिलं होतं. मार्सेयच्या आन्री मेत्रा यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवर एक मोलाची युक्ती काढली. फुप्फुसाच्या शिरा एकेक करून जोडायच्या ऐवजी हृदयाच्या डाव्या कर्णिकेचा तुकडा शिरांसकट घ्यायचा आणि तोच शिवायचा. आजही माणसात असंच करतात. मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी शेकडो कुत्र्यांवर सराव केला आणि ११ जून १९६३ रोजी पहिल्यांदा माणसाला दुसऱ्याचं फुप्फुस बसवलं. रुग्ण १८ दिवस जगला. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही कुत्र्यांवरच्या कामानंतर फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. हार्डींच्या नंतरच्या वीसेक वर्षांत जगभर सुमारे चाळीस जणांना फुप्फुस बसवलं गेलं. बेल्जियममधल्या एका रुग्णाने दहा महिने काढले, बाकीचे बहुतेक दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. हात तयार होते, टाके नीट होते, तरी माणसं जात होती.

पहिले काही दिवस तगलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा घात एकाच जागी होई. श्वासनलिकेची शाखा जिथे जोडलेली असे, तो जोड उसवायचा. फुप्फुस काढताना त्या नळीला रक्त पुरवणारी बारीक धमनी तुटते आणि ती सहसा पुन्हा जोडत नाहीत. म्हणजे टोक आधीच उपाशी. टोरोंटोतल्या जोएल कूपर यांच्या गटाने विचारलं की उपासमार हे एकच कारण आहे का, की नव्या फुप्फुसाला शरीराने नाकारू नये म्हणून जे स्टिरॉइड आपण भरपूर देतो, तेच जखम भरू देत नाही? हा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने कुत्र्यांना विचारला त्यासाठी मी त्यांना मानतो. त्यांनी कुत्र्याचं स्वतःचंच फुप्फुस काढून त्यालाच परत बसवलं. स्वतःचंच असल्यामुळे शरीराने नाकारण्याचा संबंधच उरला नाही. राहिला फक्त जोड आणि औषध. काही कुत्र्यांना स्टिरॉइड दिलं, काहींना नाही. स्टिरॉइडवाल्यांचे जोड कच्चे राहिले. नाकारणं रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिन या नव्या औषधाने तसं होत नाही हेही याच पद्धतीने कळलं. मग पोटातल्या चरबीच्या जाळ्याचा एक पदर वर ओढून जोडाभोवती गुंडाळला, तर त्यातल्या रक्तवाहिन्या काही दिवसांत उपाशी टोकाला रक्त पुरवू लागतात, हेही कुत्र्यांतच दिसलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये हे सगळं एकत्र करून त्यांनी फायब्रोसिसच्या एका रुग्णाला फुप्फुस बसवलं. तो माणूस सहा वर्षांहून जास्त जगला. ताईला जो आजार आहे, तोच त्याला होता.

आज ते चरबीचं जाळं सहसा गुंडाळत नाहीत. दात्याची नळी फुप्फुसाच्या अगदी जवळ आखूड कापली की पुष्कळदा काम भागतं, हे पुढे कळलं. पण मुद्दा तो नाही. वीस वर्षांतल्या कुत्र्यांच्या मरणातून जे कळलं नव्हतं, ते नीट रचलेल्या प्रयोगाने थोड्या काळात कळलं. माझी पहिली अट यातून येते. अर्जाच्या पहिल्या पानावर, साध्या मराठीत, एका वाक्यात लिहून घ्या की हा प्राणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. तुमच्या समितीत विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक सदस्य असतो. त्या वाक्यावर त्याची सही घ्या. त्याला वाक्य समजलं नसेल तर अर्ज परत पाठवा.

प्राणी कोणता, हासुद्धा प्रश्नाचाच भाग आहे. दोन्ही फुप्फुसांच्या नसा तुटल्या की कुत्र्याची श्वासाची लय बिघडते आणि तो जगत नाही. यावरून माणसाचंही तसंच होईल अशी भीती बरीच वर्षं होती. माकडं आणि बबून यांच्यात मात्र लय टिकली. त्याच आधारावर स्टॅनफर्डमध्ये ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी मार्च १९८१ मध्ये हृदय आणि फुप्फुसं एकत्र बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. कुत्र्यावरच थांबले असते तर ती झाली नसती. तेव्हा अर्जात ‘प्राणी सहज उपलब्ध’ एवढंच कारण असेल तर ते कारण नव्हे.

आता उंदराकडे येतो, कारण आपल्याकडे सुरुवात तिथूनच होईल. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं डावं फुप्फुस एकाच खंडाचं असतं, उजव्याचे चार खंड. म्हणून डावंच बदलतात. रक्तवाहिन्या इतक्या नाजूक की सुईदोऱ्याने शिवताना फाटतात. १९८९ मध्ये मिझुता आणि सहकाऱ्यांनी ‘कफ’ची, म्हणजे वाहिनीवर चढवायच्या छोट्या नळीची, पद्धत रूढ केली. सलाइनच्या कॅन्युलाचा छोटा तुकडा घ्यायचा, दात्याची रक्तवाहिनी त्यातून ओढून बाहेरच्या अंगावर उलटवायची आणि बांधायची. मग तो तुकडा दुसऱ्या उंदराच्या वाहिनीत सरकवून वरून दोरा आवळायचा. सुपारीच्या बागेत दोन नळ्या सांध्याने जोडतात तसंच. शीर किंचित पिळली गेली की फुप्फुसात पाणी भरतं आणि तासाभरात सगळं वाया. २००७ मध्ये हीच शस्त्रक्रिया सेंट लुइसच्या गटाने जेमतेम २५ ग्रॅमच्या छोट्या जातीच्या उंदरात (माउस) केली, आणि जनुकांचे प्रश्न विचारायला त्यामुळे मोठी वाट मोकळी झाली. अफाट कौशल्याचं काम आहे. ते शिकता शिकता किती उंदीर मरतात, हे मात्र प्रसिद्ध झालेल्या लेखांत क्वचितच सापडतं. लेख सुरू होतो तो हात बसल्यानंतर.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, ज्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरला होता, तो शास्त्रीय प्रयोगांना परवानगी देतो. पण त्याच्या १७ व्या कलमात नियमांचा जो हेतू सांगितला आहे तो प्रत्येक सदस्याने वाचावा. प्रयोग भूल देऊन व्हावेत. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्राणी वापरू नयेत. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. आणि शक्यतो केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नयेत. ‘शक्यतो’ या शब्दाच्या आडोशाने फार काही चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

उंदराचं फुप्फुस जोडायला उंदरावाचून शिकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण शिकण्याच्या पायऱ्या असतात. आधी सिलिकॉनच्या नळ्या. मग दुसऱ्या मंजूर प्रयोगातून आलेले मृत उंदीर, ज्यांच्यावर कफ चढवणं शंभरदा करता येतं. मग भूल दिलेला उंदीर, ज्याला शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येऊच द्यायचं नाही. हे सगळं एखाद्या अनुभवी गुरूच्या डोळ्यांदेखत, जमल्यास चालत्या प्रयोगशाळेत जाऊन. सलग काही शस्त्रक्रिया निर्दोष झाल्या असं पशुवैद्याने लिहून दिल्यावरच पहिला उंदीर जागा होऊ द्या. मोठ्या प्राण्याचं तंत्र शिकायचं असेल तर रत्नागिरीच्या किंवा चिपळूणच्या मटणाच्या दुकानात रोज सकाळी बकऱ्याची फुप्फुसं हृदयासकट मिळतात. शरीराबाहेर फुप्फुस चालवण्याच्या अभ्यासात खाटिकखान्यातली फुप्फुसं परदेशातही वापरतात. नळी जोडायला, कर्णिकेचा तुकडा शिवायला, द्रावण खेळवायला ती पुरेत. त्यासाठी जिवंत डुक्कर किंवा कुत्रा मागणारा अर्ज तुमच्याकडे आला, तर या पत्राची आठवण ठेवा.

यापुढचं मी केवळ पशुवैद्य म्हणून लिहितो. छाती उघडलेल्या प्राण्याला प्रत्येक श्वास दुखतो. पाय मोडलेली गाय पाय उचलून धरते, पण श्वास उचलून धरता येत नाही. शेळीला वेदना असली की ती दात खाते, मान पाडते, कळपापासून लांब उभी राहते. मालकाला कळायच्या आधी आम्हाला ते कळतं. उंदीर वेदना लपवतो. त्याचे डोळे अर्धे मिटतात, गालफडं सपाट होतात, केस पिंजारतात, डोळ्यांच्या कडेला तांबूस स्राव साचतो. चेहऱ्यावरून त्याच्या वेदनेला गुण देण्याची पद्धत आता उपलब्ध आहे. तिचा तक्ता पिंजऱ्याशेजारी लावणं कठीण नाही. बरगड्या शिवण्याआधी नसांजवळ बधिरतेचं इंजेक्शन, नंतर ठरलेल्या वेळी वेदनाशामक, हे अर्जात वेळ आणि मात्रेसकट लिहून घ्या. ‘आवश्यकतेनुसार’ असा शब्द दिसला की खोडा. शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया झाली तर रविवारी पहाटे पिंजऱ्यापाशी कोण असणार, त्याचं नाव लिहून घ्या. वेदना आवाक्याबाहेर गेली तर प्रयोग थांबवून प्राण्याला शांतपणे मरण देण्याचा अधिकार पशुवैद्याकडे असू द्या, आणि त्यासाठी त्याला प्रमुख संशोधकाची परवानगी मागावी लागू नये. तुमच्या महाविद्यालयात त्या सर्जनचं पद पशुवैद्याहून मोठं असणार, म्हणून हे कागदावर हवं.

आणि पावसाळा. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या खोलीत तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे जून लागला की भिंती पाझरतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. ओलसर गादीत मुताचा अमोनिया साचतो. साध्या पैदाशीतल्या उंदरांच्या फुप्फुसात मायकोप्लाझ्मा हा जंतू आधीच दबा धरून असू शकतो, आणि अमोनियाने तो उसळतो. अशा उंदराला नवं फुप्फुस बसवलं आणि ते खराब झालं, तर शरीराने ते नाकारलं की जंतूने खाल्लं, हे कोणी सांगू शकणार नाही. प्राणी गेला आणि उत्तरही गेलं. म्हणून रोगजंतूमुक्त पैदाशीचे उंदीर, आर्द्रता काढणारी यंत्रणा आणि आपोआप सुरू होणारा जनरेटर, या तीन गोष्टी जागेवर पाहिल्याखेरीज फुप्फुसाच्या प्रयोगाला मंजुरी देऊ नका. पाहणी जुलैत करा. जानेवारीत कोकणातली कुठलीही इमारत चांगलीच दिसते.

यावर काही जण म्हणतील की इतक्या अटी घातल्या तर खेड्यापाड्यातल्या महाविद्यालयात संशोधनच होणार नाही, आणि मुंबई-पुणेवालेच पुढे राहतील. हा आक्षेप मला लागतो, कारण इथल्या मुलांनी मागे राहावं असं मला वाटत नाही. पण हे सगळे सोपस्कार परवडत नसतील, तर दुसरं पुष्कळ काम पडलं आहे, ज्याला एकही प्राणी लागत नाही. सिलिका खाणीतल्या आणि चिरेखाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांची तपासणी कोण करतं? तालुक्याच्या ठिकाणी फुंकून तपासायचं स्पायरोमेट्रीचं यंत्र किती जागी चालू आहे? कोकणातून दात्याचं फुप्फुस रेल्वेने, चिपीच्या विमानतळावरून किंवा घाटमार्गाने कुठे किती वेळात पोहोचेल, याचा अभ्यास करायला उंदीर लागत नाही. तो अभ्यास इथल्याच महाविद्यालयाने करायचा आहे, टोरोंटोवाले करणार नाहीत.

मोठ्या प्राण्यांचे अर्ज तुमच्या शिफारशीनंतर केंद्रीय समितीकडे जातात, त्यामुळे तुम्ही ‘वरचे बघतील’ म्हणू शकता. कृपया तसं म्हणू नका. पिंजरा तुमच्या आवारात असतो, दिल्लीत नसतो. येत्या काळात डुकरांवरचं काम वाढणार हे उघड आहे. चीनमधल्या ग्वांगझूत जनुकं बदललेल्या डुकराचं फुप्फुस मेंदूमृत माणसाच्या शरीरात ९ दिवस चाललं, असा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बातमीनंतर उत्साही प्रस्ताव येतातच.

शेवटची अट हिशेबाची. दरवर्षी प्रत्येक प्रयोगात किती प्राणी घेतले, किती सरावात गेले, किती शस्त्रक्रियेत, किती नंतर, आणि प्रत्येकाच्या शवविच्छेदनात काय दिसलं, हे मराठीत लिहून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर लावा. फसलेल्या प्रयोगांसकट लावा. दुसऱ्या गावातला विद्यार्थी तीच चूक पुन्हा करायला नवे उंदीर मागणार नाही.

त्या सर्जनना मी शब्द दिला आहे. तुमच्यापैकी कोणत्याही समितीला पशुवैद्य कमी पडत असेल, तर मी विनामानधन येईन, शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री प्राणीगृहात बसेन, आणि जिथे थांबवायला हवं तिथे थांबवेन. वरच्या अटींपैकी कोणत्या तुम्ही स्वीकारता आणि कोणत्या नाही, हे कारणांसह कळवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी